तव्यापलीकडचा माणूस : ताकोयाकी, ओकोनोमियाकी आणि परक्या गावात शिकलेला स्वयंपाक

आजच्या विषयाची पाटी वाचून काही जणांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात हे खाण्यापिण्याचं कसं काय शिरलं. कारण साधं आहे. माणूस परदेशी राहायला गेला की आधी तिथली चार वाक्यं शिकतो आणि लगोलग तिथलं रस्त्यावरचं खाणं शिकतो. भाषेचा इतिहास आपण लिहितो. खाण्याची मात्र फक्त कृती लिहून मोकळे होतो.

मी काही वर्षं ओसाकात राहत होतो. तिथल्या मराठी घरांमधून एक वस्तू हटकून दिसायची, ती म्हणजे ताकोयाकीचा तवा. लोखंडी, त्यावर अर्धगोल खळगे. आपल्या आप्पेपात्राचा चुलतभाऊच म्हणा. रविवारी सकाळी त्यात आप्पे व्हायचे आणि संध्याकाळी मुलांच्या हट्टापायी ताकोयाकी. आणि मग जेवताना एक वाद ठरलेला असायचा. ऑक्टोपसच्या जागी पनीर घातलं, माशाचा अर्क नको म्हणून पिठात साधं पाणी घातलं, तर त्याला ताकोयाकी म्हणायचं का? एक बाजू म्हणायची, "अहो, रस्त्यावरचं खाणं ते, त्याला कसलं आलंय शास्त्र!" दुसरी बाजू म्हणायची, की मग त्याला आप्पेच म्हणा ना.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या पदार्थाला ज्या ज्या हातांनी आकार दिला, त्यातले बरेच हात बाहेरून आलेल्यांचे होते. त्यामुळे परक्यानं हा पदार्थ शिकणं आणि शिकताना बदलणं, यात नवल काहीच नाही. पण म्हणून वाटेल ते चालतं असंही नाही. कुठं मोकळीक आहे आणि कुठं नाही, हे त्या पदार्थाच्या इतिहासातच लिहिलेलं आहे.

सुरुवात जुन्या तोक्योपासून, म्हणजे एदोपासून करू. १६५७ साली एदोत प्रचंड आग लागली. मेइरेकीची आग म्हणतात तिला. शहराचा अर्ध्याहून अधिक भाग जळाला. पुन्हा उभारणीसाठी गावोगावचे सुतार, गवंडी, हमाल शहरात आले. बहुतेक एकटे पुरुष, भाड्याच्या लहान खोल्या, स्वयंपाकाची सोय जेमतेम. गिरणगावातल्या खोल्या आणि खानावळी आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. या माणसांना उभ्या उभ्या खाता येईल असं अन्न हवं होतं, आणि पुढच्या शतकात एदोत ते सगळीकडे विकलं जाऊ लागलं. 'याताई' म्हणजे छप्पर असलेली गाडी किंवा टपरी. सोबा नूडल्स, तळलेला तेंपुरा, आणि १८२० च्या दशकापासून हातानं दाबलेली सुशी. आज ज्या सुशीसाठी लोक महिनाभर आधी जागा राखून ठेवतात, ती तेव्हा टपरीवर उभं राहून दोन घासांत खायची वस्तू होती. तेंपुऱ्याचा धंदा बाहेर उघड्यावर चालायचा, कारण लाकडी घरांच्या शहरात उकळत्या तेलाची कढई घरात कुणाला नको होती.

आता हा तेंपुरा. शब्द पोर्तुगीज मुळाचा असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. नेमका कुठल्या शब्दापासून आला यावर भांडण आहे, त्यात आपण पडायला नको. पण पोर्तुगीज जपानला पोचले कसे, यात आपला गोवा येतो. १५४८ साली गोव्यात आंजिरो नावाच्या एका जपानी माणसाचा बाप्तिस्मा झाला. तो सेंट पॉल कॉलेजात शिकला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्सिस झेवियर त्यालाच सोबत घेऊन गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरला. नंतर गोवा, मकाव, नागासाकी अशी गलबतांची वाट पडली. त्या वाटेनं काय गेलं त्याची एक खूण रोज आपल्या तोंडात असते. जपानी भाषेत ब्रेडला 'पान' म्हणतात. पोर्तुगीज 'पांव' वरूनच आपला 'पाव' आला आणि त्यावरूनच त्यांचा 'पान'. जपानी बेकरीपुढे उभा राहून एखादा गोंयकार हा शब्द पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला गंमत वाटते. त्यात गमतीपेक्षा इतिहास जास्त आहे.

गव्हाचं पीठ तव्यावर पसरून भाजणं मात्र जपानात पोर्तुगिजांच्या भरवशावर नव्हतं. सोळाव्या शतकात चहाच्या बैठकांमध्ये 'फुनोयाकी' नावाची पातळ गुंडाळी देत असत. एदोच्या काळात मुलांसाठी 'मोजियाकी' आलं. मोजी म्हणजे अक्षर. विकणारा पातळ पिठानं तव्यावर अक्षरं, आकार काढायचा आणि मुलं ती खायची. होकुसाईच्या रेखाचित्रांच्या संग्रहात असा मोजियाकीवाला पाहायला मिळतो. हे सगळं खेळाचं, खाऊचं. पोट भरायचं अन्न नव्हे. पीठ पोटासाठी कसं आलं, ती गोष्ट पुढची आणि जरा कडवट आहे.

मेइजी काळात, १८७२ च्या सुरुवातीला, सम्राटानं गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर झाली आणि पाश्चात्त्य खाणं हे सुधारणेचं लक्षण ठरलं. 'योशोकु', म्हणजे पाश्चात्त्य धर्तीचं जेवण. कटलेट, करी, ऑम्लेट. हे सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं नव्हतं. मग स्वस्त युक्ती निघाली. पिठाचं पातळ धिरडं, त्यावर चिमूटभर कांद्याची पात, आणि वरून काळपट विलायती सॉसचा फटकारा. झालं पाश्चात्त्य जेवण! किंमत एक सेन, म्हणजे येनचा शंभरावा हिस्सा. नावच पडलं 'इस्सेन योशोकु', एका सेनचं विलायती जेवण. मुलांच्या खाऊच्या दुकानांतून हे विकलं जाई. आजच्या ओकोनोमियाकीचा हा थेट पूर्वज.

त्या सॉसबद्दल दोन मिनिटं थांबतो, कारण सगळी चव तिथं आहे. ते मूळचं इंग्लंडमधलं वूस्टरशर सॉस. बंगालच्या कुठल्याशा गव्हर्नरानं हिंदुस्थानातून कृती नेली, अशी एक गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. ती इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. असा गव्हर्नर झालाच नव्हता. पण त्या सॉसमध्ये चिंच आहे हे खरं. जपानात १८८० च्या दशकापासून त्याच्या नकला तयार होऊ लागल्या. सोया सॉस करणारे, व्हिनेगर करणारे लोक यात उतरले. हिरोशिमाची ओताफुकु ही कंपनी १९२२ साली सोया सॉस आणि साकेच्या दुकानापासून सुरू झाली, पुढे व्हिनेगर करू लागली आणि १९५२ साली खास ओकोनोमियाकीसाठी सॉस घेऊन आली. पातळ सॉस तापलेल्या तव्यावर ओघळून वाया जायचं, म्हणून हे दाट केलं. आज त्यात गोडीसाठी खजूर वापरतात. आंबट, गोड, मसालेदार आणि खजूर. भेळेवरची चटणी आठवली ना? ओसाकात आलेल्या मराठी माणसाला हा सॉस पहिल्याच घासाला ओळखीचा का वाटतो, याचं उत्तर या बाटलीत आहे.

आता ओसाका. हे व्यापाऱ्यांचं शहर, 'देशाचं स्वयंपाकघर' असं त्याचं बिरुद. उत्तरेच्या होक्काइदोहून जपानी समुद्राच्या बाजूनं जहाजं यायची, त्यांत कोंबू नावाचं समुद्री शेवाळ वाळवून भरलेलं असायचं. त्या कोंबूचं पाणी, म्हणजे दाशी, हा ओसाकाच्या स्वयंपाकाचा पाया झाला. ही दाशी लक्षात ठेवा.

ताकोयाकीचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते एन्दो तोमेकिची ओसाकाचे नव्हतेच. ते दूर ईशान्येकडच्या, फुकुशिमातल्या आइझु भागातले. पोटासाठी ओसाकात आले आणि गाडी टाकली. गाडीचं नाव आपल्या गावावरून ठेवलं, 'आइझुया'. दादरला 'मालवण' नावाची पाटी दिसावी तसं. १९३३ च्या सुमारास ते जे गोळे विकत होते त्यांना 'राजिओयाकी' म्हणत. रेडिओ तेव्हा ऐटीची वस्तू होती, म्हणून हे नाव. आत काय असायचं? गाईच्या मांसाचे चिवट तुकडे, शिजवलेले. ऑक्टोपस नाही. मग एका गिऱ्हाइकानं सांगितलं, की शेजारच्या आकाशी गावात आत ऑक्टोपस घालतात. एन्दोंनी करून पाहिलं, लोकांना आवडलं, आणि १९३५ साली ताकोयाकी हे नाव आलं. ताको म्हणजे ऑक्टोपस, याकी म्हणजे भाजलेलं.

या हकिकतीत मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. करणारा बाहेरगावचा. आतला ऑक्टोपस शेजारच्या गावाहून उचललेला आणि तोही दुसऱ्या खेपेला आलेला. आणि तिसरी, जी फार लोकांना ठाऊक नसते, ती म्हणजे त्या ताकोयाकीवर सॉस नव्हता. चव पिठातच होती, दाशी आणि सोया सॉसमुळे. हातात घेऊन तसंच खायचं. दाट सॉस, मेयोनेज, वर हलणारे माशाचे पापुद्रे, हा सगळा साज युद्धानंतरचा. म्हणजे आज ज्याला आपण ओळखीची खूण समजतो, ते सगळं मागाहून चढलेलं आहे. पहिल्यापासून टिकलेलं काय, तर गोल खळग्यांचा तवा, पातळ पीठ आणि पिठातली दाशी.

शिकणाऱ्याची कसोटी लागते ती या पातळ पिठापाशी. आप्प्याचं पीठ दाट, आंबवलेलं. खळग्यात घातलं की तिथंच फुगतं, मग उलटायचं. ताकोयाकीचं पीठ ताकासारखं. शंभर ग्रॅम मैद्याला चारशे मिलिलिटरच्या आसपास दाशी आणि एक-दोन अंडी. पहिल्यांदा करणारा मराठी माणूस हे प्रमाण ऐकून घाबरतो आणि हळूच अजून मूठभर पीठ घालतो. तिथंच बिघडतं. मग आतून पेढ्यासारखा घट्ट गोळा होतो. खरा ताकोयाकी बाहेरून जेमतेम कुरकुरीत आणि आतून जवळजवळ वाहता असतो, जीभ भाजवणारा.

मग इतकं पातळ पीठ गोल होतं कसं? खळगे भरून वर तवाभर पीठ सांडू द्यायचं. मुद्दाम. त्यात ऑक्टोपसचे तुकडे, कांद्याची पात, लाल लोणच्याचं आलं, आणि 'तेनकासु'. तेनकासु म्हणजे तेंपुरा तळताना कढईत उरणारा पिठाचा चुरा. वडापावच्या गाडीवर मिळतो तो चुरा, तोच हा. कडा धरू लागल्या की टोच्यानं सांडलेल्या पिठाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन आपापल्या खळग्यात दुमडून घालायचा, आणि गोळा पुरता उलटा न करता पाव फेराच वळवायचा. कच्चं पीठ खाली ओघळतं आणि दुसरी बाजू धरते. मग पुन्हा थोडा. गोल आकार असा टप्प्याटप्प्यानं येतो. हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. गाडीसमोर उभं राहून पाहिल्यावर येतं. आणि रस्त्यावरच्या खाण्याची सोय हीच, की स्वयंपाकघराला भिंत नाही. मोठ्या सुशीच्या दुकानात शिकाऊ मुलाला आधी वर्षानुवर्षं भांडी घासावी लागतात असं म्हणतात. ताकोयाकीवाल्यापुढे पाचशे येन ठेवले की वीस मिनिटं शिकवणी पाहायला मिळते, वर खायलाही मिळतं.

आता हिरोशिमाकडे येतो. इथं मला वेळ घ्यायचा आहे.

६ ऑगस्ट १९४५. सकाळी सव्वाआठला अणुबाँब पडला. शहराचा मधला भाग नाहीसा झाला. त्यानंतरचे महिने आणि वर्षं हे उपासमारीचे होते. तांदूळ युद्धकाळापासूनच नियंत्रणात होता, १९४२ चा अन्नधान्य नियंत्रणाचा कायदा लागू होता, आणि शिध्यावर जे मिळायचं त्यात पोट भरत नव्हतं. तांदळाची उणीव भरून काढायला आलं ते अमेरिकेतून आलेलं गव्हाचं पीठ. ज्या देशानं बाँब टाकला त्याच देशाचं पीठ. हे कुणी भाषणात बोलून दाखवत नाही, पण हिरोशिमाच्या तव्यावर हे दोन्ही एकत्र आहे.

शहरात लोखंडाचे पत्रे मिळत होते. बंदरं, जहाजबांधणी, कारखाने असलेला तो भाग. पत्रा तापवायचा, त्यावर एका सेनच्या जुन्या खाऊसारखं धिरडं घालायचं. पण आता ते मुलांचा खाऊ उरलं नव्हतं. मजुरी करणाऱ्याचं एका वेळचं जेवण व्हायला हवं होतं. म्हणून कांद्याच्या पातीऐवजी स्वस्त कोबी, मूठभर मोडाचे कोंब, पुढे नूडल्स, अंडं, जमलं तर डुकराच्या मांसाचे पातळ काप. असा थरावर थर चढत गेला. १९५० च्या सुमारास शहराच्या मध्यभागी शिन्तेन्ची भागात रात्री गाड्यांची रांग लागू लागली. त्यातूनच पुढे 'ओकोनोमिमुरा', म्हणजे ओकोनोमियाकीचं खेडं, उभं राहिलं. आज ती बहुमजली इमारत आहे आणि मजल्यामजल्यावर तवे.

हा धंदा अनेक बायकांनी चालवला. नवरा युद्धात गेलेला, घराचा पुढचा भाग मोकळा करायचा, एक तवा मांडायचा, शेजाऱ्यांना खाऊ घालायचं. हिरोशिमातल्या जुन्या दुकानांच्या नावांत 'चान' फार दिसतं. चान हा लाडाच्या हाकेचा प्रत्यय, आपल्याकडे बाळ्या, चिमी म्हणावं तसा. त्याचं एक कारण असं सांगितलं जातं, की ताटातूट झालेलं कुणी परत आलंच, तर त्यानं पाटीवरचं घरातलं नाव वाचून ओळखावं. प्रत्येक दुकानाच्या बाबतीत हे खरं असेल असा माझा दावा नाही. पण त्या शहरानं स्वतःबद्दल ही गोष्ट सांगायची ठरवली, एवढं तरी खरं.

हिरोशिमाची पद्धत शिकायची तर ताकोयाकीची सवय सोडावी लागते. ओसाकात ओकोनोमियाकी म्हणजे सगळं पिठात कालवून जाड थापायचं. त्यात 'नागाइमो' नावाचा कंद किसून घालतात, आपल्या कोनफळाच्याच कुळातला, त्यानं ते हलकं होतं. हिरोशिमात कालवायचं नाही. आधी पळीच्या पाठीनं घावन घालतो तसा पातळ पापुद्रा. त्यावर माशाची पूड, मग चिरलेल्या कोबीचा ढीग, इतका की नवख्याला वाटतं हे कधीच उलटणार नाही. वर चुरा, मांसाचे काप, थोडं पीठ शिंपडून सगळं एकदम उलटायचं. आता पापुद्रा झाकण होतो आणि कोबी आपल्याच वाफेत शिजून बसतो. शेजारी नूडल्स परतायच्या, ढीग त्यावर सरकवायचा, अंडं फोडून पसरायचं, त्यावर सगळं ठेवून पुन्हा उलटायचं. दाबायचं नाही. नवखे लोक उलथन्यानं दाबत बसतात, कोबीतलं पाणी बाहेर येतं आणि चिखल होतो.

इंग्रजीत याला जपानी पिझ्झा म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते अजिबात पटत नाही. आपल्याला सांगायचंच तर थालीपीठ, धिरडं, घावन यांच्या शेजारी ठेवा. पिझ्झ्याला रेशनच्या रांगेची आठवण नाही.

त्या पिठाची गोष्ट मात्र हिरोशिमापुरती नाही. १९५४ साली अमेरिकेनं आपल्याकडचं जादा धान्य परदेशी पाठवण्याचा कायदा केला, पी. एल. ४८०. हे नाव इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. जपाननं १९५५ मध्ये करार केला, भारतानं १९५६ मध्ये. जपानात १९५६ पासून गावोगाव 'किचन कार' फिरू लागल्या, म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर. गृहिणींना गव्हाचे पदार्थ करून दाखवायचे, आणि त्यामागे अमेरिकेतल्या गहू उत्पादकांचे पैसे. शाळेतल्या मुलांना दुपारी पाव. आपल्याकडे तोच अमेरिकी गहू रेशनच्या दुकानात आला आणि लोकांनी नाकं मुरडत त्याच्या पोळ्या केल्या. त्यांच्याकडे भात खाणाऱ्या समाजाच्या जिभेवर पीठ रुळलं. ओसाकाचे लोक आज 'कोनामोन', म्हणजे पिठाचे पदार्थ, ही आपली ओळख म्हणून मिरवतात. पीठ तिथं युद्धाआधीही होतं, पण घराघरात ते पोचलं त्यामागे हे राजकारण आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जपान्यांचं झालं. परक्या देशातून आलेल्या माणसाचं काय? हिरोशिमातच एक उदाहरण आहे आणि ते पुष्कळ लिहिलं गेलं आहे. फर्नांडो लोपेझ हे मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचे. पत्नी जपानी, म्हणून हिरोशिमाला आले. तिथल्या 'हास्शो' या नावाजलेल्या दुकानात त्यांनी रीतसर उमेदवारी केली आणि २००० साली स्वतःचं दुकान काढलं. आजूबाजूचे नेहमीचे लोक तिथं येऊन खातात. त्यांच्याकडे हालापेन्यो मिरची घातलेली ओकोनोमियाकी मिळते. मला यात क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी उमेदवारी, मग मिरची. कोबीचा ढीग कसा बसतो हे ज्याला कळलं, त्यानं त्यात काय घालावं याला हिरोशिमानं आक्षेप घेतला नाही.

आता पुन्हा आपल्या घरातल्या वादाकडे. ऑक्टोपस काढला तर चालेल का? इतिहास म्हणतो, खुशाल काढा. तो मुळात नव्हताच. कोळंबी घाला, म्हाकूल घाला, पनीर किंवा बटाटा घाला. सॉस नसेल तर? एन्दोंच्या गाडीवरही नव्हता. पण दाशीऐवजी पाणी, इथं मी अडून बसतो. पाणी घातलं की उरतं ते मैद्याचं धिरडं आणि वर बाटलीतली चव.

दाशीत दोन गोष्टी असतात, कोंबू आणि कात्सुओबुशी. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला. लक्षद्वीपला याच माशाचं 'मासमीन' करतात, त्यामुळे आपल्या देशाला हे अगदीच परकं नाही. सुकट-जवळ्यावर वाढलेल्या कोकणी माणसाला त्याचं वावडं नसतं. अडचण शाकाहारी माणसाची. ओसाकाशेजारच्या कोबे शहरात भारतीय व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे. १९२३ च्या भूकंपानंतर योकोहामा सोडून बरेच जण तिथं आले. १९८५ साली तिथं जैन मंदिरही उभं राहिलं. म्हणजे हा प्रश्न काल-परवा आलेल्या संगणक अभियंत्यांचा नाही.

आणि उत्तर जपानमध्येच आहे, मठांमध्ये. त्याची एक हकिकत सांगून थांबतो. १२२३ साली दोगेन नावाचा तरुण जपानी भिक्षू शिकायला चीनला गेला. बंदरात जहाज लागलं, पण उतरायची परवानगी मिळेना, म्हणून तो जहाजावरच राहत होता. एक दिवस साठी ओलांडलेला एक चिनी भिक्षू जहाजावर आला. तो एका मठाचा मुख्य आचारी होता. मठाचं नाव आयुवांग, म्हणजे अशोक राजा, आपलाच सम्राट अशोक. दुसऱ्या दिवशी सणाचं जेवण होतं, भिक्षूंना नूडल्सचं सूप द्यायचं होतं, आणि त्यासाठी जपानहून आलेली वाळवलेली अळिंबी विकत घ्यायला म्हातारा कित्येक मैल चालत आला होता. दोगेननं त्याला आग्रह केला, की रात्री इथंच राहा, स्वयंपाक दुसरं कुणी करेल. या वयात ध्यान-अध्ययन सोडून चुलीपाशी कशाला राबायचं? म्हातारा हसला. तू परदेशातून आलेला चांगला मुलगा आहेस, पण साधना कशाला म्हणतात हे तुला अजून कळलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला, आणि अंधार पडायच्या आत अळिंबी घेऊन परत निघाला. दोगेन ते विसरला नाही. जपानला परतल्यावर १२३७ साली त्यानं मठातल्या आचाऱ्यासाठी 'तेन्झो क्योकुन' हा ग्रंथ लिहिला, त्यात ही भेट आहे.

त्या म्हाताऱ्याच्या पिशवीत होती ती अळिंबी म्हणजे शिताके, असं साधारण मानतात. वाळलेले चार शिताके आणि बोटभर कोंबू रात्री लिटरभर थंड पाण्यात घालून ठेवा. सकाळी ते पाणी गाळून मैद्यात घाला. मासा न घालताही जपानचे मठ असंच करत आले आहेत. बाटलीतला सॉस घेताना मात्र लेबल वाचा, त्यात बऱ्याचदा मांसाचा किंवा कालवांचा अर्क असतो. त्यापेक्षा चिंच-खजुराची चटणी थोडा सोया सॉस घालून आटवली तर चव बरीच जवळ जाते. आमच्या शेजारच्या ओबासान, म्हणजे आजीबाई, ती चाखून बोट चाटत म्हणाल्या होत्या, की पुढच्या वेळी अजून आंबट करा.

बरं, प्रश्न घेऊ या.